पाचव्या ओळीतली टिंबं

सोमवार, ४ जानेवारी

प्रकाशकांनी आज बोलावून नव्या पाठ्यपुस्तकातल्या कवितांचं गाईड माझ्या गळ्यात मारलं. 'गळ्यात मारलं' हे आपलं घरी सांगायला. मनातून मला ते हवंच होतं. बावीस वर्षं मी गाईडं लिहितोय आणि बावीस वर्षं मुखपृष्ठावर 'एक अनुभवी शिक्षक' एवढंच छापून येतंय. आज प्रकाशक म्हणाले, "सर, या खेपेला तुमचं नाव टाकू. चांगलं ठळक. पण 'हजेरी'चं रसग्रहण असं पाहिजे की बाकीच्या गाईडवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. टिंबांच्या प्रश्नावर सगळ्यांची गाडी अडणार आहे."

'हजेरी' ही लढाईवरची कविता. कवी स्वतः सैनिक, साठ-बासष्ट वर्षांपूर्वी एका चौकीवर मारला गेला, वही तेवढी मागे राहिली. चार कडवी, प्रत्येकी सहा ओळी, आणि दर कडव्यात पाचव्या ओळीच्या जागी नुसती टिंबं. खाली प्रश्न: 'ही टिंबे काय सुचवतात? (३ गुण)'.

असा अवघड प्रश्न आला की इतर गाईडांत 'विद्यार्थ्यांनी स्वतः उत्तर लिहावे' असं लिहून मोकळे होतात. मी ते वाक्य आजवर एकदाही वापरलेलं नाही. वीस तारखेला सगळा मजकूर द्यायचाय.

मंगळवार, ५ जानेवारी

कविता स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली. पहिलं कडवं असं:

पहाटेच्या धुक्यामध्ये
वहीतून हाक येई
सुतारा रे, हजर मी
गवंड्या रे, हजर मी
. . . . . . . .
धुके थोडे दाट झाले

दर ओळीत आठ अक्षरं, एकही कमीजास्त नाही. मी दोनदा मोजली. टिंबंसुद्धा आठ! कवीने मौनही मोजून ठेवलंय. हे लक्षात आलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना. लगेच हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ही म्हणाली, "बरं. आणि दूध आणलंत का?"

बाबा मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे तारा घेऊन बसले होते. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, विजेच्या दुरुस्तीचं दुकान बंद करून चौदा वर्षं झाली, तरी रोज पत्र्याचा तो डबा उघडायचा, तारेचे तुकडे काढायचे, एकाला एक जोडायचे, पुन्हा सोडवायचे. डब्याच्या झाकणावर खिळ्याने 'तारवाला' असं कोरलंय, दुकानाच्या दिवसांतलं असणार. जोड मात्र असा बसवतात की ओढून तुटत नाही.

गुरुवार, ७ जानेवारी

अलंकारांचं टिपण झालं. धुकं हे मृत्यूचं प्रतीक. 'वहीतून हाक येई' इथे निर्जीव वहीला सजीव केलंय, म्हणून चेतनगुणोक्ती. दुसऱ्या कडव्यात 'तुटलेल्या तारेपाशी, कोणी गेला, नाही आला' अशा दोन ओळी आहेत. तुटलेली तार म्हणजे जीवनवीणेची तार, हे मी फार खुलवून लिहिलं. जवळजवळ पानभर झालं.

दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. कविता आधी, मग माझं. मुलगी दहावीत आहे, तिला उपयोगी पडेल हाही हेतू. बाबा चहा घेत होते. धुक्याच्या प्रतीकापाशी आलो तर मध्येच म्हणाले, "धुकं धुकंच होतं. स्वतःचा हात दिसत नव्हता."

मी म्हणालो, "बाबा, ही कविता आहे. यात धुक्याचा अर्थ वेगळा असतो."

बाबा अर्धा कप तसाच ठेवून उठले. या वयात मध्येच संदर्भ सुटतो, वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. तेही त्या लढाईत होते म्हणे, जखमी होऊन दोन वर्षं लष्करी इस्पितळात होते, असं आई सांगायची. कुठे जखम झाली ते मात्र कधी कळलं नाही. अंगावर व्रण असा एकही नाही.

शुक्रवार, ८ जानेवारी

आज वर्गात हजेरी घेताना सतरा क्रमांकाची मुलगी गैरहजर होती. रोज कुणी ना कुणी नसतंच, मी काट मारून पुढे जातो. आज थांबलो. उत्तर यायला हवं अशा थाटात वहीकडे बघत राहिलो. मागच्या बाकावर खसखस पिकली तेव्हा भानावर आलो.

ही कविता डोक्यात घर करून बसली आहे. घरीसुद्धा कुणी कुणाला हाक मारली आणि पटकन 'ओ' आली नाही तर माझ्या छातीत काहीतरी अडकतं. हिला सांगितलं तर म्हणाली, "पित्त असेल."

रविवार, १० जानेवारी

आज दाट धुकं. सकाळी साडेसहाला मागचं दार उघडं दिसलं. बाबा उंबऱ्याबाहेर ताठ उभे, हात शरीराला चिकटवलेले. धुकं पडलं की ते असे दारात उभे राहतात, माझ्या लहानपणापासून. हवा खायला म्हणून. आई त्या वेळी त्यांच्याशी बोलू द्यायची नाही. पाच-सात मिनिटं झाली की आपणच आत येतात. आज आत येताना त्यांचे ओठ हलत होते. थंडी असेल.

टिंबांचं उत्तर लिहून झालं. न लाजता लिहितो, आजवरचं माझं सर्वांत चांगलं लेखन आहे. 'मेलेला सैनिक उत्तर देऊ शकत नाही. त्याचे नाव उच्चारण्याचे धैर्य कवीपाशी नाही. म्हणून कवी आठ अक्षरांचे मौन रचतो.' मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं, मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आमचा शंकासुर लगेच म्हणाला, "पण टिंबं कवीनेच ठेवली हे कशावरून? वही फाटली असेल. नाहीतर कुणीतरी खोडलं असेल."

"असले प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत."

"मग आजोबांना विचारा ना. ते होते ना लढाईत?"

मी म्हटलं, बाबांनी आयुष्यात कविता वाचलेली नाही.

मंगळवार, १२ जानेवारी

कवी-परिचयासाठी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाई माझ्या माहितीच्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी तळघरातून कवीच्या संग्रहाच्या दोन आवृत्त्या आणून दिल्या. आधी दुसरी चाळली, तिच्यात टिंबं आहेत. मग पहिली उघडली.

पहिलीत टिंबं नाहीत. पाचवी ओळ आहे. पहिल्या तीन कडव्यांत एकच ओळ: 'तारवाल्या, उत्तर ना'. शेवटच्या कडव्यात बाकीचे सगळे गेलेत, कवी एकटा उरलाय आणि स्वतःच हजेरी घेतोय. तिथे असं आहे:

सुतारही गप्प आता
गवंडीही गप्प आता
धुक्यामध्ये मी एकटा
वही मीच वाचतो रे
तारवाल्या, तू तरी ये
आणि मीच हजर मी

मी ते कडवं तिथेच उभ्याने चार वेळा वाचलं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तळाशी बारीक अक्षरांत खुलासा आहे: 'एका वाचकाच्या पत्रावरून या कवितेतील पाचवी ओळ गाळली आहे. पत्रात म्हटले आहे, हे नाव ज्याचे तो मेलेला नाही. त्याच्यासाठी कोणी रडू नये.'

बाईंनी विचारलं, "सर, पाणी देऊ का?"

म्हणजे मौन कवीचं नाहीच. कुणाच्या तरी पत्रावरून छापखान्यात अक्षरांचे खिळे काढून टिंबं बसवली, आणि मी त्यांची अक्षरं मोजून नाचलो. घरी येईस्तोवर मी फक्त माझ्या उत्तराचाच विचार करत होतो, हे इथे लिहून ठेवतो.

बुधवार, १३ जानेवारी

तारवाले पुष्कळ असतील. प्रत्येक तुकडीत टेलिफोनची तार टाकणारा एक माणूस असतोच, आणि त्याला सगळे तारवालाच म्हणत असणार. त्यात विशेष काही नाही.

आज डब्याकडे बघितलं नाही.

गुरुवार, १४ जानेवारी

बघितला. बाबा आंघोळीला गेले होते. 'तारवाला' ही अक्षरं दुकानाच्या दिवसांतली नाहीत. झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला तुकडीचा क्रमांक ठोकलाय. तोच क्रमांक ग्रंथालयातल्या पुस्तकात कवीच्या नावाखाली आहे. छप्पन्न वर्षांचा झालो, लहानपणी या डब्यात गोट्या ठेवायचो, आणि तो उलटा करून बघायचं मला कधी सुचलं नाही.

शाळेत चौथ्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

शनिवार, १६ जानेवारी

आज सकाळी सगळं झालं. जसं झालं तसं लिहितो, रसग्रहण करत नाही.

ही आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. मी कवितेची वही घेऊन बाबांच्या खोलीत गेलो. त्यांच्या हातात तारेचे दोन तुकडे होते. मी शेवटचं कडवं वाचलं, पहिल्या आवृत्तीतलं. 'तू तरी ये'पर्यंत आलो आणि त्यांच्या हातातली तार थांबली.

"कुठे मिळालं तुला?"

"ग्रंथालयात. बाबा, ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो. तू तीन महिन्यांचा होतास. पुस्तक एका पुस्तकांच्या दुकानात टांगलेलं दिसलं, चौकीचं नाव वाचून घेतलं." मग तारेचे तुकडे खाली ठेवून म्हणाले, "तार तुटली होती. जोडायला मला पाठवलं. तुटलेलं टोक सापडलं, दुसरं सापडेना. धुकं. मग तोफा सुरू झाल्या. रस्त्याखाली पाण्याचा नळ होता सिमेंटचा, त्यात शिरलो. चौकीपासून चाळीस पावलं. जाताना मोजली होती."

"चार कडवी म्हणजे चार दिवस?"

"चार सकाळी. रोज हजेरी व्हायची. सुतार ओ द्यायचा, गवंडी द्यायचा. मग माझं नाव. स्पष्ट ऐकू यायचं."

मी विचारलं, "मग ओ का नाही दिलीत?" हे मी ज्या आवाजात विचारलं तो वर्गातला आवाज होता. गृहपाठ का नाही केलास, तसा.

बाबा म्हणाले, "पहिल्या दिवशी भीती. दुसऱ्या दिवशी लाज. एक दिवस ओ दिली नाही, आता कुठल्या तोंडाने देऊ? मग लाजच. चौथ्या दिवशी तो एकटाच ओरडत होता. गळा बसला होता त्याचा. मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो, उघडलं होतं. आवाज आला नाही. नंतर चौकीच राहिली नाही."

"आणि इस्पितळ?"

"कसलं इस्पितळ. तुरुंग होता. लग्नाआधी तुझ्या आईला सगळं सांगितलं मी. ती म्हणाली, आपण इस्पितळ म्हणू."

मला आईची इतकी आठवण झाली की तिथून उठून जावंसं वाटलं. पण बाबांनी माझ्या हातातली वही घेतली, टिंबांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी तू म्हणालास, नाव घ्यायचं त्याला धैर्य नव्हतं. तसं लिहू नकोस. त्याने चारही दिवस घेतलं. मोठ्याने."

माझ्या सर्वांत चांगल्या लेखनावरचा हा एवढाच शेरा. शब्दाशब्दाला बरोबर.

रविवार, १७ जानेवारी

प्रकाशक घरी आले, मजकूर कुठवर आलाय बघायला. माझ्या तोंडून निघून गेलं की टिंबांमागे खरी गोष्ट आहे, आणि तो माणूस जिवंत आहे. कोण ते सांगितलं नाही. प्रकाशक खुर्चीच्या टोकावर आले. "सर, अहो काय सांगता! फोटो मिळेल? दोन पानं स्वतंत्र देऊ. 'कवितेतला माणूस बोलतो.' खाली तुमचं नाव."

ते गेल्यावर मी बसलो आणि दोन पानं लिहिली. नळ, चाळीस पावलं, बसलेला गळा, सगळं. लिहिताना हात थांबत नव्हता. तासभर मी अतिशय खूश होतो. 'पहिल्या दिवशी भीती, दुसऱ्या दिवशी लाज' हे वाक्य मी परिच्छेदाच्या सुरुवातीला घ्यावं की शेवटी, याचा विचार करत होतो.

मग बाबांकडे गेलो आणि विचारलं, हे छापलं तर चालेल का. नाव घालणार नाही म्हटलं.

"पोरं पाठ करतील?" बाबांनी विचारलं.

"करतील."

"तीन मार्कांना?"

मी हो म्हटलं. बाबांनी मान हलवली, होकार की नकार ते समजलं नाही. "तुझं नाव येणार असेल तर छाप," म्हणाले. "माझ्यामुळे तुझं काही अडायला नको."

ते खरंच मनापासून म्हणाले. बाहेर येऊन मी दोन्ही पानं फाडली. यात माझा मोठेपणा काही नाही, ते वाक्य ऐकल्यावर दुसरं काही करताच आलं नसतं.

मंगळवार, १९ जानेवारी

मजकूर पूर्ण केला. जीवनवीणा काढून टाकली. 'तुटलेली तार: चौकीची टेलिफोनची तार' एवढंच ठेवलं. धुक्याचं प्रतीकही काढलं, 'दाट धुके, हात दिसत नाही इतके' असं लिहिलं. अलंकारांचं पान जवळजवळ रिकामं झालं आणि कविता मात्र पहिल्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

टिंबांच्या प्रश्नापाशी दुपारभर बसलो. टिंबं कवीची नाहीत एवढं जरी लिहिलं तरी कुणाची, हा पुढचा प्रश्न आलाच. कवीचं मौन म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं कुणाविषयी आहे ते आता मला माहीत आहे. शेवटी लिहिलं: 'विद्यार्थ्यांनी स्वतः उत्तर लिहावे.' बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शंकासुराने पान वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नाही का उत्तर?"

"येतं."

तिने पुढे विचारलं नाही. ही गोष्ट तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडली.

बुधवार, २० जानेवारी

प्रकाशकांनी मजकूर उभ्यानेच चाळला. टिंबांवर थांबले. "सर, हे काय? हे तर कुणीही लिहील. आणि ती दोन पानं?"

"तो माणूस नाही म्हणाला," मी सांगितलं. आयुष्यातलं एक चांगलं खोटं बोललो असं वाटलं.

"मग नावाचं पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. मुखपृष्ठाचा नमुना टेबलावरच होता. त्यावर माझं नाव खरोखर ठळक होतं. त्यांनी पेन्सिलीने काट मारली आणि वर 'एक अनुभवी शिक्षक' असं लिहिलं. वाईट वाटलं. घरी येताना दोन थांबे पुढे जाऊन उतरलो.

शुक्रवार, २२ जानेवारी

पहाटे पुन्हा तसंच धुकं. मला साडेसहाच्या आधीच जाग आली. मागच्या दारात बाबा उभे होते, ताठ, हात चिकटवलेले. मी स्वयंपाकघरात, त्यांच्या पाठीमागे आठ-दहा पावलांवर. आजवर मी इथूनच परत वळायचो.

आज शाळेच्या आवाजात नाही, साध्या आवाजात हाक मारली. "सुतारा रे."

बाबांची पाठ हलली नाही. मी थांबलो, आणि सुताराच्या वाटची ओ मीच दिली. "हजर मी."

"गवंड्या रे. हजर मी."

ही बाहेर आली होती. माझ्याकडे बघून दाराशीच उभी राहिली. तिला काही माहीत नव्हतं, पण ती आईसारखीच, बोलली नाही.

मग मी म्हणालो, "तारवाल्या."

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. नळातून थेंब पडत होते, तेवढे ऐकू येत होते. बाबांचा उजवा हात मांडीपासून सुटला, पुन्हा चिकटला. मला वाटलं आता ते पडणार. मी पुढे व्हायला निघालो तर हिने माझा दंड धरला.

"हजर," बाबा म्हणाले.

आवाज बारीक होता, घसा बसल्यासारखा. 'मी' त्यांनी म्हटलं नाही. ते वळले, आत आले, आणि खुर्चीवर बसून चहा मागितला. हिने पूर्ण कप दिला, तो त्यांनी संपवला.

तारवाल्या, हजर. सातच अक्षरं झाली, ओळीत एक कमी पडतं. मी दुरुस्त केलं नाही.